उद्याचा शिक्षक कोणत्या मूल्यांवर घडतो? फुल्यांच्या निवेदनापासून मुळशीच्या वाडीवस्तीपर्यंत

शिक्षक होण्याची वाट आपल्या समाजातल्या तरुणांना नवी नाही. बारावीनंतर डी.एल.एड., म्हणजे जुने डी.एड., किंवा पदवीनंतर बी.एड., मग टीईटी, मग अभियोग्यता चाचणी आणि शेवटी पवित्र पोर्टलवर यादीची वाट पाहणे. या वाटेवर बालमानसशास्त्र शिकवले जाते, अध्यापन पद्धती शिकवल्या जातात, मूल्यमापन शिकवले जाते. मूल्ये आणि नीतीही शिकवली जाते, पण एखाद्या पेपरातल्या एका घटकापुरती. मूल्यांची यादी लिहिता आली की गुण मिळतात. तोच छात्राध्यापक पुढे शिक्षक म्हणून वर्गात उभा राहतो आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचा दिवस येतो.

त्या दिवशी काय होते ते या मजकुराच्या वाचकांपैकी अनेकांनी अनुभवले असेल. "एस.सी.ची मुले उभी राहा." सगळा वर्ग मागे वळून बघतो. कोणाचा जातीचा दाखला राहिला, कोणाच्या वडिलांचे उत्पन्न किती, हे चाळीस मुलांसमोर मोठ्याने विचारले जाते. यातली मुलींची एक शिष्यवृत्ती सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आहे. शिक्षकाच्या मनात दरवेळी वाईट हेतू असतो असे आम्ही म्हणणार नाही. बऱ्याचदा त्याला हेच काम दुसऱ्या रीतीने करता येते हे कोणी दाखवलेलेच नसते. त्याच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणात फळ्यावर अक्षर कसे काढावे याचे निरीक्षण झाले, टाचणाची वही तपासली गेली. मुलाची जात वर्गात कशी हाताळायची, याचा एकही सराव पाठ झाला नाही.

आम्ही पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात वाड्यावस्त्यांवर काम करतो. शिक्षक प्रशिक्षणातली मूल्ये हा विषय इथून पाहिला तर पुस्तकात दिसतो त्यापेक्षा बराच वेगळा दिसतो.

मुळशी : एका तालुक्यातल्या दोन शाळा

मुळशी पुणे शहराला अगदी लागून आहे. एका टोकाला हिंजवडीचे आयटी पार्क, बावधन-भूगावच्या सोसायट्या, पिरंगुटचे कारखाने आणि लवळ्याच्या डोंगरावरची खासगी विद्यापीठे. तालुक्याचे ठाणे पौडला. पौड सोडून धरणाच्या कडेने ताम्हिणीकडे गेले की रस्ता तोच राहतो, जग बदलते. हे धरण टाटांच्या वीज प्रकल्पाचे. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी तो लढवला आणि तो हरला. जमिनी पाण्याखाली गेल्या. कर्जबाजारी मावळ्यांच्या पुष्कळशा जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या, त्यामुळे नुकसानभरपाईत सावकारांना रस होता, हेही त्या लढ्याच्या इतिहासात नोंदलेले आहे. कागद कोणाच्या हातात आणि तो वाचणार कोण, हा प्रश्न या तालुक्याला शंभर वर्षांपासून चिकटलेला आहे.

धरणापलीकडच्या वस्त्यांत जिल्हा परिषदेच्या लहान शाळा आहेत. एक-दोन शिक्षक आणि पहिली ते चौथी एकाच खोलीत. जुलैत पावसाने डोंगराचा रस्ता बंद झाला की शिक्षकाला पोहोचणेही कठीण होते. पटावर मराठा, बौद्ध, धनगर, कातकरी अशी मुले. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मूल पाच-सहा महिने शाळेत नसते.

आता प्रशिक्षणातला सराव पाठ आठवा. पस्तीस-चाळीस मिनिटांचा एक तास, एकच इयत्ता, एकच घटक, समोर गणवेशातली मुले, मागच्या बाकावर निरीक्षण पत्रक घेऊन बसलेले प्राध्यापक. अध्यापक महाविद्यालये शहरात, त्यामुळे सराव पाठशाळाही शहरातल्याच. मुळशीच्या दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र बसतात तेव्हा शिक्षकाचा वेळ कोणाच्या वाट्याला जातो, हा नीतीचा प्रश्न आहे. पाटी पटकन भरून दाखवणारे मूल पुढे बसते आणि शिक्षक त्याच्यापाशीच थांबतो. भट्टीवरून परतलेले मूल भिंतीला टेकून असते. त्याची बोली घरची, कातकरी. "नीट मराठी बोल" एवढे एक वाक्य त्याला पुढचा आठवडाभर गप्प करायला पुरते. शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ सांगते की अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांशी सुसंगत असावा, शिकवण्याचे माध्यम शक्य तितके मुलाच्या मातृभाषेचे असावे आणि मूल भय व चिंतेपासून मुक्त असावे. हे कलम परीक्षेत पाठ करून लिहिलेले शिक्षक आम्हाला भेटतात. त्या भिंतीपाशी ते कसे वापरायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

सावित्रीबाईंचे प्रशिक्षण

दर ३ जानेवारीला आपल्या वस्त्यांत सावित्रीबाईंवर भाषणे होतात. शेणगोळ्यांचा प्रसंग येतो, दुसऱ्या लुगड्याचा येतो. सावित्रीबाईंनी शिक्षकाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्या शिकल्या. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढे महार-मांग मुलांच्या शाळा निघाल्या. फातिमा शेख त्यांच्या सहकारी होत्या. म्हणजे धाडस होते आणि त्याबरोबर तयारीही होती. आजच्या छात्राध्यापिकेला हे दुसरे अंग माहीत असले पाहिजे, कारण नुसत्या शौर्यकथेतून टाचण कसे काढायचे हे कळत नाही.

त्या प्रशिक्षणाने काय साधले याचा पुरावा म्हणजे मुक्ता. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या या मांग समाजातल्या किशोरवयीन मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ज्ञानोदयमध्ये छापून आला. ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही ते कोणत्या धर्माचे, असा सरळ सवाल तिने त्यात उभा केला. एखाद्या मुलीला लिहायला शिकवणे एक, आणि आपल्या लोकांचे दुःख हा लिहिण्याचा विषय होऊ शकतो असा विश्वास तिला देणे दुसरे. त्या शाळेतल्या शिक्षकांनी दोन्ही केले.

जोतीरावांनी शिक्षकाच्या प्रश्नावर भाबडेपणा ठेवला नव्हता. १८६९ साली त्यांनी शिक्षण खात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवर पोवाडा लिहिला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी ते नेहमी उद्धृत होते. त्यातला शिक्षकांविषयीचा भाग अधिक बारकाईने वाचण्यासारखा आहे.

त्यांची तक्रार अशी की प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण, त्यातले प्रशिक्षित थोडे, पगार तुटपुंजे, आणि शिकवणे निव्वळ पुस्तकी. त्यांनी मागितलेले शिक्षक प्रशिक्षित आणि प्रमाणपत्रधारक हवेत. ते शेतकरी समाजातून निवडावेत, कारण ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. नांगराची मूठ किंवा सुताराचे वाकस हातात धरायची त्यांना लाज वाटू नये. आणि पगार? किमान बारा रुपये, मोठ्या गावात पंधरा ते वीस. शिवाय शिक्षकाला गावच्या कारभारात काम द्यावे, जसे गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल. त्यामुळे त्याची गावात पत वाढेल आणि त्याच्याकडून लोकांचे भलेही होईल.

हे निवेदन म्हणजे शिक्षक प्रशिक्षणातल्या नीतीवरचा मराठी मुलखातला पहिला गंभीर आराखडा आहे, असे आमचे मत आहे. चांगल्या शिक्षकाच्या गुणांची यादी जोतीरावांनी दिली नाही. शिक्षक कोणाच्या घरातून येतो, त्याला किती पैसे मिळतात, श्रमाविषयी त्याच्या मनात किळस आहे की नाही आणि गावातल्या कागदांवर त्याची नजर असते का, हे प्रश्न त्यांनी विचारले. शिक्षकाची नीती या चार गोष्टींत बांधली जाते, हे त्यांना दिसले होते. मुळशीच्या मावळ्यांच्या गावात १९२१ साली असा हिशेब तपासणारा, दस्त वाचून दाखवणारा शिक्षक असता तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनात येतो. धरण कदाचित तरीही झाले असते.

पुढे फुल्यांचे हे सूत्र कर्मवीर भाऊराव पाटलांनी उचलले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊरावांनी १९३५ साली साताऱ्याला सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज काढले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवतात, अंगमेहनत करून शिकतात, ही त्यांच्या वसतिगृहांची रीत होती. तिथे समता हा स्वतंत्र तासाचा विषय नव्हता. ती जेवणाच्या वेळी रोज शिकली जात होती.

गोणपाट आणि शिक्षकाचे घर

बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे स्वतः प्रशिक्षित शिक्षक होते, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. लष्कराच्या पुण्यातल्या नॉर्मल स्कूलमधून ते तयार झाले आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले. या प्रशिक्षित शिक्षकाच्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. नळाला हात लावता येत नसे. शिपाई असेल तरच पाणी. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे. त्या शाळेतले शिक्षकही शिकलेले होते, विषय जाणणारे होते. त्यांच्या शिकवण्यात खोट काढणे कदाचित अवघड गेले असते.

त्याच आयुष्यात दुसऱ्या प्रकारचा शिक्षकही आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी विद्यार्थी भीमरावाला बागेत वाचत बसलेले पाहिले, त्याच्याशी ओळख केली, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले आणि पुढे सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यासाठी खटपट केली. केळुसकरांनी यातले कोणतेही काम अभ्यासक्रमात होते म्हणून केले नाही. आपल्या धम्माच्या वाटेची सुरुवात एका शिक्षकाने दिलेल्या पुस्तकापाशी आहे, हे बाबासाहेबांनी स्वतः नमूद केले आहे.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. हुकूम महत्त्वाचा होता. वर्गाच्या दारातून आत गेल्यावर मात्र त्याची अंमलबजावणी शिक्षकाच्याच हाती राहते. गोणपाट हलले तरी "उभी राहा" उरते.

सिगालोवाद आणि आचार्यमुष्टी

धम्मात शिक्षकाच्या नीतीविषयी काय आहे, असा प्रश्न युवा शिबिरांत हमखास येतो. उत्तर म्हणून बहुधा पंचशील सांगितले जाते. ते योग्यच आहे, पण शिक्षकाच्या कामाविषयी थेट बोलणारी वचने वेगळी आहेत. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात सहा दिशांची कर्तव्ये येतात. त्यात दक्षिण दिशा म्हणजे आचार्य. शिष्याने आचार्याची सेवा कशी करावी हे आपण पुष्कळदा ऐकतो. आचार्यानेही शिष्यासाठी पाच गोष्टी करायच्या आहेत हे कमी ऐकतो. त्याला चांगली शिस्त लावावी. नीट आकळेल असे शिकवावे. येत असेल ते सर्व शिकवावे. मित्रमंडळींत त्याची चांगली ओळख करून द्यावी. आणि चारी दिशांना त्याचे रक्षण होईल असे पाहावे. चौथी-पाचवी गोष्ट वाचताना आम्हाला केळुसकर आठवतात.

"येत असेल ते सर्व शिकवावे" याचा धागा महापरिनिब्बान सुत्तात सापडतो. आपण आचार्यमुष्टी ठेवली नाही, काही राखून ठेवले नाही, असे तथागत आनंदाला सांगतात. वर्गात अर्धे शिकवायचे आणि उरलेले खासगी शिकवणीत, या व्यवहाराला यापेक्षा नेमका शब्द आम्हाला माहीत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांच्या खासगी शिकवण्यांवर बंदी घातली आहे. मुठीवर मात्र कलम लागत नाही.

विनयपिटकातल्या महावग्गात तर शिक्षक होण्याची पात्रताच ठरवली आहे. दुसऱ्याला आश्रय देऊन शिकवायचे तर भिक्षू किमान दहा वर्षांचा असावा आणि समर्थही असावा. नुसती वर्षे भरली म्हणून चालत नाही. शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची शुश्रूषा करायची आहे. नाते एकतर्फी नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण काही कार्यकर्त्यांची मागणी वेगळी असते. सरकारी शाळेत बौद्ध शिक्षकाने धम्म शिकवावा, असे आम्हाला वाटत नाही. राज्याच्या पूर्ण खर्चाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे संविधानाचे कलम २८ सांगते. ते आपल्यालाही लागू आहे आणि आपल्या हिताचे आहे. परिपाठात दुसऱ्या धर्माची प्रार्थना मुलांवर लादली जाते तेव्हा आपण याच कलमाच्या आधाराने बोलतो. शिक्षकाने धम्मातून घ्यायचे ते स्वतःच्या वागण्यासाठी. वर्गासमोर ठेवायचे ते संविधान. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत परिपाठात उद्देशिकेचे वाचन होते. बंधुता हा शब्द तिथे रोज उच्चारला जातो.

दहा मूल्यांतले न सापडणारे मूल्य

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात मूल्यशिक्षण हा विषय शाळांत आला. डी.एड. झालेल्या प्रत्येकाला त्यातली दहा मूल्ये पाठ असतात: नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता. यादी वाईट नाही. स्त्री-पुरुष समानता आहे, सर्वधर्मसहिष्णुता आहे. जातिअंत नाही. जातीय समता असा शब्दही नाही. फुले, शाहू, आंबेडकरांच्या राज्यात मूल्यांची यादी करताना दहा जागांत जातीला जागा मिळाली नाही. 'संवेदनशीलता' आणि 'एकात्मता' यांत ते येतेच, असे उत्तर मिळते. आमचा अनुभव असा की जे नाव घेऊन सांगितले जात नाही ते शाळेत येत नाही. स्त्री-पुरुष समानता नाव घेऊन लिहिली म्हणून निदान तिच्यावर भिंतीवर तक्ता लागला.

नंतरचे दस्तऐवज तुलनेने बरे आहेत. २००९ चा राष्ट्रीय शिक्षक शिक्षण आराखडा व्यावसायिक आणि माणुसकी असलेला शिक्षक घडवण्याची भाषा करतो. त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या ५०० शाळांत सुरू झालेला मूल्यवर्धन कार्यक्रम संविधानातली मूल्ये खेळातून, गटचर्चेतून रुजवण्याचा प्रयत्न करतो. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शालेय आंतरवासितेला वीस आठवडे मिळाले. वेळ वाढला. त्या वेळेत काय पाहायचे हा प्रश्न राहिला.

आणि ही संस्थांची बाजारपेठ. डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेवरून महाराष्ट्रातलीच प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्याचा हवाला देऊन २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणते की दहा हजारांहून अधिक स्वतंत्र शिक्षक-शिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गंभीरपणे शिक्षक घडवण्याचा प्रयत्नही करत नाहीत, पदव्या विकतात. सरकारी धोरणात इतके उघड वाक्य क्वचित सापडते. हजेरी विकत मिळते, सराव पाठ न घेता वही भरून मिळते. अशा ठिकाणी प्रामाणिकपणा या घटकावर दहा गुणांचा प्रश्न येतो.

पुढची पायरी टीईटी. २०१९-२० च्या परीक्षेत पैसे घेऊन नापासांचे गुण वाढवले गेले, बनावट प्रमाणपत्रे दिली गेली. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांच्या तपासात हे बाहेर आले आणि परीक्षा परिषदेचे तेव्हाचे प्रमुखच अटकेत गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द करून त्यांना या परीक्षेसाठी कायमची बंदी घातली. परिषदेचे कार्यालय पुण्यात, शिक्षण आयुक्तालय पुण्यात, अभ्यासक्रम ठरवणारी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदही पुण्यात. पौड तिथून तासाभराच्या अंतरावर आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. परीक्षेचे वजन वाढले, तसे तिच्या चोख असण्याचेही.

या घोटाळ्यात आपल्या समाजातली किती मुले फसली आणि कितींनी पैसे दिले, याची चर्चा आपण टाळतो. दोन्ही बाजूंना आपली मुले असणार. दलालाला पैसे देण्यासाठी ज्या घराने दागिने मोडले ते घर गुन्हेगारही आहे आणि बळीही. तरीही अशा वाटेने वर्गात पोहोचलेला शिक्षक मुलांना कॉपी करू नका कोणत्या तोंडाने सांगणार, हे विचारावे लागते. पवित्र पोर्टल २०१७ पासून आले ते खासगी संस्थांच्या देणगीला आळा घालण्यासाठी. त्यातल्या त्रुटी आहेत, पण संस्थाचालकाच्या घरी पाकीट नेण्यापेक्षा गुणवत्ता यादीची वाट पाहणे केव्हाही बरे. त्यावर टीका करताना हे विसरू नये.

पगाराचा मुद्दा जोतीरावांनी मांडला होता तसाच आजही आहे. २००० साली आलेल्या योजनेत नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. प्राथमिक शिक्षणसेवकाचे सहा हजारांचे मानधन १ जानेवारी २०२३ पासून सोळा हजार झाले. त्याआधीची कित्येक वर्षे डोंगरातल्या शाळेवर सहा हजारांत राहणाऱ्या तरुणाकडून आपण निष्ठेची अपेक्षा करत होतो.

आंतरवासितेत काय पाहावे

आमचा आग्रह एवढाच आहे की मूल्ये पेपरातून काढून आंतरवासितेच्या निरीक्षण पत्रकात आणावीत. पत्रकात आज विषयप्रवेश, फलकलेखन, आवाज, प्रश्नकौशल्य अशा रकाने असतात. छात्राध्यापकाने मागच्या ओळीतल्या मुलाला किती वेळा नावाने हाक मारली, याची नोंद कोणी ठेवत नाही. कोणाला पाणी आणायला पाठवले, वर्ग झाडायला कोणत्या मुली उठल्या, पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसले, हे सगळे डोळ्यांना दिसणारे आहे आणि मोजता येणारे आहे. आडनावावरून किंवा वस्तीच्या नावावरून मुलाला ओळखले का, हेही. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. शिक्षकांच्या तोंडातून ती नावे अजून गेलेली नाहीत.

शिष्यवृत्तीच्या अर्जाचे उत्तर फार सोपे आहे आणि ते एका सराव पाठात शिकवता येते. कागदांची यादी सगळ्या वर्गाला लिहून द्यायची, पालकांना वेगळे बोलावायचे, अर्ज कार्यालयात किंवा मधल्या सुट्टीत एकेकाचा भरायचा, कोणाचे काय राहिले ते त्याच्याच कानावर घालायचे. पंधरा मिनिटे जास्त जातात. स्थलांतराचेही तसेच. भट्टीवर निघालेल्या मुलाचे नाव पटावरून कमी करणे हिशेबाला सोयीचे असते. शिक्षण हमी कार्ड भरून देणे आणि जिथे कुटुंब जाते तिथल्या शाळेला फोन करणे हे कष्टाचे असते. यातले काय केले, हीच त्या शिक्षकाची नीती.

आणि शाळा बंद होण्याचा प्रश्न. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. नमुना म्हणून दाखवलेल्या ठिकाणांत मुळशीच्या शेजारचे पानशेत होते. मुळशीच्या डोंगरातल्या किती वस्त्या या मोजमापात येतात हे तिथे फिरणाऱ्याला सांगावे लागत नाही. पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी हा राज्याच्या नियमांतला हक्क आहे. हे पालकांना शिक्षकाने सांगायचे की वरून आलेल्या प्रस्तावावर मुकाट सही मिळवायची? प्रशिक्षणात हा प्रश्न चर्चेला आलेला आम्ही ऐकलेला नाही. गावच्या हिशेबावर नजर ठेवणारा शिक्षक जोतीरावांना हवा होता, तो अशा वेळी लागतो.

गावातल्या तरुणांनी बाहेरून काय करावे, याचे एक दार कायद्यातच आहे. कलम २१ नुसार शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. मुळशीत काही ठिकाणी ही समिती कागदावर भरलेली आढळते. कातकरी आईची सही असते, तिला बैठक कधी झाली ते माहीत नसते. बैठकीची तारीख वस्तीवर कळवणे, इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवणे हे काम भीमजयंती मंडळातला कोणताही शिकलेला मुलगा करू शकतो.

छात्राध्यापक आंतरवासितेसाठी गावात येतात तेव्हा त्यांची आणि वस्तीची ओळख सहसा होत नाही. सकाळी एस.टी.ने किंवा दुचाकीवर येतात, पाठ घेतात, सही घेतात, जातात. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्यांना बौद्धवस्ती, धनगरवाडा आणि कातकरी पाडा अशी पायी फेरी घडवता येते. मुले किती चढ चढून येतात, पुस्तक ठेवायला घरात कोरडी जागा आहे का, दिवाळीनंतर कोणत्या घरांना कुलूप लागणार आहे, हे त्यांना तिथेच कळते. फेरीला सोबत गावातले कोणीतरी लागते, आणि पावसाळ्यात छत्रीपेक्षा इरले बरे पडते.